तपासणीतली पिशवी

आमच्या जावयांबद्दल लिहायचं म्हणजे जपूनच लिहायला हवं. मी राहते त्यांच्या घरात, डोळ्यांवरचा चष्मा त्यांनी आणलेला, आणि हा कागदही त्यांच्याच टेबलावरचा. लेक म्हणाली, "आई, चांगलं लिही हं." म्हटलं, "खरं लिहिते. त्यातून चांगलं निघालं तर ते तुझं नशीब."

माणूस तसा साधा. अंगाने काटकुळा, बोलायला त्याहून काटकुळा. मी दारावर भाजी घेताना जेवढं बोलते, तेवढं ते माझ्याशी वर्षभरात बोलले असतील. पण त्यांची एक खोड पहिल्याच जेवणाला माझ्या लक्षात आली. पानं वाढून झाली की ते पातेल्याच्या तळाशी थोडं राखून ठेवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "असू दे. कुणी आलं तर." येत कुणीच नाही. सकाळी ते राखलेलं मी खाते, आणि लेक वर म्हणते, "बघ, तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

ही खोड कुठून आली तेही मला हळूहळू कळलं. त्यांचे वडील ट्रकवर होते. आज येतो म्हणून गेलेला माणूस परवा उगवायचा, आणि परवा म्हणाला की आजच दारात उभा. आल्या आल्या ताट समोर यायला हवं. घरात खाणारी तोंडं भरपूर, तरी आई त्या माणसाचं आधी काढून ठेवायची. झाकलेल्या ताटलीकडे बघत बघत पोरं झोपायची. पोटात भूक असली तरी ते आपलं नाही, ते येणाऱ्याचं आहे, हे जावयांच्या हाडात तेव्हापासून मुरलेलं.

आणि असा माणूस नोकरीला लागला कुठे, तर रक्तपेढीत, रक्ताच्या पिशव्या सांभाळायला.

त्यांची पेढी मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आहे. शेजारी चादरी धुवायची खोली, त्यामुळे भिंत दिवसभर घुमत असते. पुढे एक खिडकी, खिडकीसमोर बाक. माझा रक्तदाब मोजायला मला त्याच हॉस्पिटलात जावं लागतं, आणि मोजून झालं की जावयांची सुट्टी होईपर्यंत मी त्या बाकावर बसते. बसल्या बसल्या आत सगळं दिसतं. काचेच्या दाराचा उंच फ्रीज, त्यात गडद लाल पिशव्या आडव्या मांडलेल्या. कोपऱ्यात एक यंत्र पिवळट पिशव्यांना सारखं झुलवत असतं. मी त्याला पाळणा म्हणते. जावई म्हणतात, "आई, ते थांबलं तर पिशव्या वाया जातात." म्हटलं, पाळण्याचं सगळीकडे तसंच असतं.

त्या खिडकीशी येणारा माणूस कधी सावकाश येत नाही. एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात पेशंटच्या रक्ताची नळी, आणि चप्पल एखादी मागे राहिलेली. पूर्वी तर फार हाल. इथं पिशवी नसली की जावई फोन फिरवायचे. "तुमच्याकडे आहे का हो?" "नाही हो. तुमच्याकडे?" "आमच्याकडेही नाही." मग तो माणूस रिक्षा करून गावभर पेढ्या हिंडायचा. आणि खरी गोष्ट अशी, की फोनवरचे ते दोघंही थोडंसं खोटं बोललेले असायचे. प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये खालच्या खणात, मागे, एखादी पिशवी असायचीच. आपल्या माणसासाठी.

जावयांचं ते आपलं माणूस म्हणजे चिमणी.

चिमणी आठ वर्षांची. तिचं रक्त तिच्याच अंगात टिकत नाही, असा जन्माचा आजार. दर महिन्याला बाहेरून रक्त भरावं लागतं, ते भरलं की पोर पुन्हा उड्या मारायला मोकळी. महिना संपत आला की ओठ पांढरे पडायला लागतात, जिना चढताना मध्येच बसते. आई शिवणकाम करते, एकटीच सगळं बघते. आणि गट असा, की देवाने मुद्दाम छळायला दिलेला. ओ निगेटिव्ह. हे रक्त म्हणे अडीअडचणीला कुणालाही चालतं, पण त्याला स्वतःला दुसरं कुणाचंच चालत नाही. मी जावयांना म्हटलं, "म्हणजे थोरल्या सुनेसारखं." ते हसले नाहीत. लेक हसली. तीही थोरली सूनच आहे.

चिमणी त्यांना फ्रीजकाका म्हणते. खिडकीला नाक लावून विचारते, "फ्रीजकाका, माझी कुठली?" जावई खालच्या खणाकडे बोट दाखवतात. "ती. झोपलीये. आवाज करू नकोस." एवढं लांब वाक्य ते घरात बोलत नाहीत.

तर असं सगळं चाललं होतं, आणि मग ती स्क्रीन आली.

स्क्रीन बसवायला एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, पायात बूट, तोंडाचा पट्टा सतत चालू. सगळे तिला कंप्युटरताई म्हणतात. तिने बाकावर बसून मलासुद्धा समजावलं, कारण आत कुणी ऐकत नव्हतं. म्हणाली, "आजी, गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या पेढ्या आणि सगळी हॉस्पिटलं आता एकाच पाटीवर. कुणाच्या फ्रीजमध्ये काय आहे ते सगळ्यांना दिसणार. एखाद्या हॉस्पिटलला रक्त हवं असलं की लाल चौकट उमटते. ज्याच्याकडे आहे तो हो म्हणतो, की मोटरसायकलवाला बर्फाची पेटी घेऊन निघाला. नातेवाइकांनी पळायचंच नाही."

"मग नातेवाइकांनी करायचं काय?"

"पेशंटजवळ बसायचं."

मला ते फार आवडलं. जावयांनाही आवडलं. पहिल्या आठवड्यात घरी येऊन आपण होऊन सांगायला लागले, "आई, आज पुलापलीकडच्या हॉस्पिटलने ए पॉझिटिव्ह मागितलं, अर्ध्या तासात पोचलं. माणसं पळत नाहीत, पिशवी पळते." लेकीने मला कोपर मारलं. एवढं बोलल्यावर त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता त्या पाटीची एक रीत आहे. नवीन पिशवी आली की आधी तिच्या तपासण्या होतात. कुठला आजार नाही ना वगैरे. तोवर तिच्यापुढे "तपासणी चालू" असं लिहिलेलं असतं, आणि ती बाहेरच्या कुणाला दिसत नाही. तपासणी झाली की जावयांनी बटण दाबून "तयार" म्हणायचं, मग ती सगळ्या गावाला दिसते.

समजलं ना पुढचं? चिमणीची पिशवी कायम तपासणीतच असायची.

कंप्युटरताई दर काही दिवसांनी यायची, कुठे अडलंय का बघायला. एकदा मी बाकावर असताना ती आत स्क्रीनवर वाकून म्हणाली, "काका, ही पिशवी तीन आठवडे तपासणीत?"

"हो."

"तपासण्या तर दुसऱ्या दिवशी संपतात ना?"

जावई खणात काहीतरी शोधायला लागले.

"वकिलीची परीक्षा देतेय का ती?" कंप्युटरताई म्हणाली. "का नापास होऊन परत बसलीये?"

त्यांनी मान वर केली नाही. कान मात्र लाल झालेले मला खिडकीतून दिसले. ती पोरगी हसून गेली. जाताना मला हळूच म्हणाली, "आजी, सगळ्याच पेढ्यांत अशा नापास पिशव्या आहेत हो."

त्या दिवशी घरी जेवताना लेकीने विषय काढला. "अहो, ती स्क्रीन कशासाठी बसवली मग? तुम्ही लपवणार, तिकडचे लपवणार."

"लपवत नाही. राखतो."

"फरक काय?"

"लपवलेलं स्वतःसाठी असतं," जावई म्हणाले आणि पातेलं झाकलं. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. त्यांचं पटत होतं असं नाही, पण चिमणीचे पांढरे ओठ मीही बघितलेले होते.

आणि मग तो दिवस आला.

दुपार कलली होती. खिडकीशी चिमणीची आई उभी. दुसऱ्या दिवशी चिमणीला रक्त भरायचं होतं, त्यासाठी नळीतला नमुना द्यायला आलेली. पिशवीचं रक्त आणि पोरीचं रक्त आधी जुळवून बघतात. गळ्यात मोजपट्टी तशीच, काम टाकून आलेली. "दादा, शाळेतून सांगितलं, आज प्रार्थनेला उभी राहिली नाही. बसूनच होती." जावई म्हणाले, "उद्या या सकाळी." ती म्हणाली, "पक्कं ना?" ते म्हणाले, "पक्कं." हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. ती माझ्याकडे बघून हसली, "आजी, तुमचे जावई आहेत म्हणून बरं," आणि वळली.

ती वळते न वळते तोच स्क्रीन वाजली. लाल चौकट. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही. गावाच्या पार त्या टोकाचं हॉस्पिटल.

जावयांनी बघितलं. आपल्या पुढे शून्य. सगळ्या पेढ्यांपुढे शून्य. एका खाली एक, शून्य, शून्य, शून्य. मला बाकावरून अक्षरं नीट वाचता येत नाहीत, पण शून्य येतं.

पूर्वी कसं, माणूस खिडकीत उभा राहायचा. त्याचं तोंड दिसायचं, घाम दिसायचा. ही बाई म्हणजे नुसती लाल चौकट. आणि चिमणी म्हणजे खिडकीवर उमटलेलं नाक. कुणीही सांगेल की पारडं कुठे झुकणार. मला वाटतं जावयांनाही तेच टोचलं असावं, कारण त्यांनी फोन उचलला आणि त्या हॉस्पिटलला लावला. पलीकडून नर्सचा आवाज इतका मोठा, की मला बाकावर ऐकू आला. "कसली बाई, काय वय, हे काय विचारत बसलाय? आहे का पिशवी ते सांगा. माझ्याशी नका बोलू, फ्रीजशी बोला." आणि फोन आपटला.

जावयांनी फोन ठेवला. मग खिडकीतून मला म्हणाले, "आई, त्या गेल्या का?"

"कोण?"

"चिमणीची आई. बघता का जरा?"

मी उठले. माझे गुडघे म्हणजे उठताना आधी तक्रार, मग काम. दारापर्यंत गेले. ती रस्त्याच्या पलीकडे बसची वाट बघत उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी वळून सांगितलं, "आहे. बोलावू?"

जावयांनी फ्रीजच्या खालच्या खणाकडे बघितलं. मग म्हणाले, "नको. त्यांना विचारून काय करू? हो म्हणाल्या तरी त्यांच्यावर ओझं, नाही म्हणाल्या तरी त्यांच्यावरच."

बस आली. ती चढली. जावयांनी बटण दाबलं.

त्यांच्या पुढच्या शून्याचा एक झाला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या एकाला तिकडून कुणीतरी उचललं. खालचा खण उघडला, पिशवी काढली, दोन्ही हातांनी उचलून पेटीत ठेवली. मोटरसायकलवाला घेऊन गेलासुद्धा. पण मागितल्या होत्या दोन.

मग त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी गावातल्या दुसऱ्या मोठ्या पेढीला. तिथे त्यांच्याच जागेवर एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे मिशीवाले म्हणतात. दोघांचं एकमेकांशी वाकडं नाही, पण सरळही नाही.

"नमस्कार. तुमची ती तपासणी संपली का?" जावई म्हणाले.

पलीकडून काहीतरी आलं.

"कुठली म्हणजे? खालच्या खणात, मागे."

पलीकडे गप्प.

"माझी आत्ताच संपली," जावई म्हणाले. "म्हणून म्हटलं तुमचीही संपली असेल."

मग फोनमधून एक मोठा सुस्कारा, तो मिशीतूनच आला असणार. "तुम्हाला कसं कळलं हो?"

"माझ्याकडे होती ना. तुमच्याकडे नसेल कशी?"

स्क्रीनवर मिशीवाल्यांच्या पुढचं शून्य पुसलं गेलं. संध्याकाळी लाल चौकट हिरवी झाली. बाई वाचली. हे सगळं एका ओळीत लिहून होतं, पण घरी येताना रस्ताभर जावई माझ्यापुढे दोन पावलं चालत होते, आणि ते कधी तसं चालत नाहीत. जेवताना पातेल्यात काही राखलंही नाही. ताटातलंच संपलं नव्हतं.

"आता उद्या काय?" लेकीने विचारलं.

"रक्तदात्यांना फोन केलेत. एक परगावी आहे. दुसऱ्याने मागच्याच महिन्यात दिलंय, त्याचं इतक्यात घेता येत नाही. तिसरा येतो म्हणालाय, पण त्याला ताप येऊन गेलाय."

"आणि स्क्रीनवर?"

"शून्य."

सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. रक्तदाब मोजायचा दिवस नव्हता, पण कुणी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चिमणी आली ती आईच्या खांद्यावर. आठ वर्षांची पोर खांद्यावर, त्यावरून समजा. खाली उतरवलं तर खिडकीशी आली, नाक लावलं. "फ्रीजकाका, माझी कुठली?"

जावई बाहेर आले. खिडकीतून नाही बोलले, दार उघडून बाहेर आले. तिच्या आईसमोर उभे राहिले आणि सरळ सांगितलं. काल तुम्ही गेलात, लगेच एक बाळंतीण आली स्क्रीनवर, चिमणीची पिशवी तिला दिली. आज माझ्याकडे नाही. शोधतोय.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"तुम्ही पक्कं म्हणाला होतात."

"हो."

"मी गेटच्या बाहेर नसेन पोचले, आणि तुम्ही देऊन टाकलीत."

"तुम्ही बसस्टॉपवर होतात."

"म्हणजे दिसत होते मी. हाक नाही मारलीत." तिने मोजपट्टी गळ्यातून काढून मुठीत गुंडाळली. "तुमच्या घरातली असती दादा, तर दिली असतीत? खरं सांगा."

जावयांनी चिमणीकडे बघितलं. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चिमणीने वर बघून विचारलं, "मग मी आज शाळेत जायचं का?"

तिला वॉर्डात झोपवलं. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले आजचा दिवस निघेल, उद्याचा नको. आई तिच्या उशाशी बसली. खिडकीकडे फिरकली नाही.

जावयांनी स्क्रीनसमोर खुर्ची ओढली. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या लाल चौकटींना हो म्हटलं होतं. स्वतः कधी मागितलं नव्हतं. मागायची वेळ येऊ नये म्हणून तर खण. कसं मागायचं तेच येईना. कंप्युटरताईला फोन केला, ती बूट वाजवत आलीच. त्यांनी एका बोटाने लिहायला घेतलं. ते लिहितच राहिले.

"काका, तिथं एवढं लिहायचं नसतं. गट आणि पिशव्या किती, बास."

"जागा आहे ना?"

"जागा आहे."

"मग लिहू द्या."

तिने मागून वाचलं आणि मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिलं होतं: मुलगी, वय आठ, दर महिन्याला लागतं. तिच्यासाठी राखलेली पिशवी काल मी बाळंतिणीला दिली. कुणाची तपासणी संपली असेल तर कळवा.

कंप्युटरताई या वेळी हसली नाही. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काका, हे राखायचं असतं तर मला आधी का नाही सांगितलंत? मी राखीव अशी वेगळी खूण दिली असती. सगळ्यांना दिसेल की पिशवी आहे, पण कुणाची तरी आहे. ज्याला अगदीच जिवाची गरज, तो तुम्हाला विचारेल."

"सांगितलं असतं तर चोर ठरलो असतो."

"आणि न सांगता?"

"न सांगता फक्त मलाच माहीत होतं."

तिने तिथेच बसून ती खूण करायला घेतली. मध्ये मध्ये गावभरच्या पेढ्यांना फोन. "हो, राखीव. नाही, कुणी रागावणार नाही. अहो, नाव घालायचं, की कुणासाठी." दुपारपर्यंत गावात ज्या पिशव्या कुठेच नव्हत्या त्या एकेक करून पाटीवर यायला लागल्या. आठवडेच्या आठवडे परीक्षेत अडकलेल्या सगळ्या एका दिवसात पास. पण ओ निगेटिव्ह एकही नव्हती. गावातल्या दोन होत्या त्या कालच गेलेल्या.

जावई जेवले नाहीत. लेकीने पाठवलेला डबा माझ्या मांडीवरच राहिला. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

दिवे लागायच्या सुमाराला स्क्रीन वाजली. गावातून नाही. डोंगरापलीकडच्या एका लहान हॉस्पिटलातून, ज्याचं नाव जावयांनीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. एक पिशवी. सकाळच्या पहिल्या गाडीबरोबर पाठवतो, एवढंच लिहिलेलं.

जावई वॉर्डात सांगायला गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणाले, "काही नाही. मान हलवली."

सकाळी पिशवी आली, जुळवून बघितली, जुळली. चिमणीला लावली. नळीतून थेंब थेंब उतरायला लागल्यावर त्या पोरीच्या तोंडावर रंग येतो तो बघण्यासारखा असतो. भिंतीला रंग देताना जसा खालून वर चढत जातो तसा. मी पायथ्याशी स्टुलावर बसले होते. जावई दारात उभे, आत यावं की नाही अशा बेताने.

आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "कुठून आली?"

त्यांनी सांगितलं.

"तिथं कुणी ओळखीचं आहे तुमच्या?"

"नाही."

"मग त्यांनी कशी दिली?"

"मी लिहिलं होतं. त्यांनी वाचलं असेल."

तिने चिमणीचं पांघरूण सारखं केलं. "फोन लावा त्यांना. मला बोलायचंय."

"स्क्रीनवर आपोआप जातं, पोचली म्हणून."

"स्क्रीनचं स्क्रीन बघेल. तुम्ही लावा."

त्यांनी लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडे कुणी बाई होती. चिमणीची आई बोलायला मोठी खमकी, गिऱ्हाइकांना सरळ करते, पण तिला सुरुवातच जमेना. "मी त्या मुलीची आई," म्हणाली, आणि थांबली. "पोचली. लागली. आता ओठ बरे दिसताहेत." पलीकडची काही बोलत होती, ही हूं हूं करत होती. मग एकदम सरळ बसली.

"ताई, एक विचारते. ही पिशवी तुमच्याकडे कुणाची होती?"

मला वाटलं, हे कशाला विचारतेय. जावयांनी मात्र दाराची चौकट धरली.

तिने ऐकून घेतलं. पुष्कळ वेळ. "हूं," म्हणाली. "कधी यायचेत ते?" पुन्हा ऐकलं. "बरं. ठेवू नका, धरा जरा."

फोनवर हात ठेवून तिने पहिल्यांदा जावयांकडे बघितलं. आवाज तोच, कालचा, रागाचा.

"दादा, तिथं एक म्हातारे मास्तर आहेत. शुक्रवारी ऑपरेशन आहे त्यांचं. त्यांची होती ही. आता त्यांच्याकडे काही नाही."

जावई आत आले, खाटेला वळसा घातला, तिच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"हां, बोला ताई," म्हणाले. "मास्तरांना एक लागेल का दोन?"